कुलूप लावण्याआधी घर वाळू द्या

(ऊसतोडीला निघणाऱ्या मैत्रिणींसाठी सामुदायिक रेडिओवरून केलेलं बोलणं)



दिवाळी तोंडावर आली आहे. मुकादमांचे फोन सुरू झालेत. कुणाची उचल घेऊन झाली, कुणाची बोलणी चालू आहेत. थोड्याच दिवसांत बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी जिल्ह्यांतल्या गावांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून निघतील. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूरकडे, तर कुणी थेट कर्नाटकात. हंगाम लवकर आटोपला तर मार्च, लांबला तर एप्रिल. म्हणजे पाच-सहा महिने घराला कुलूप.

कारखान्यावर काय न्यायचं, ही यादी प्रत्येकीला तोंडपाठ असते. कोयता, ताडपत्री, चूल मांडायचं सामान, दोन-चार भांडी, पिठाचा डबा. पण मागे जे राहतं त्याची यादी कुणी करत नाही. आज आपण त्या मागे राहणाऱ्या सामानाबद्दल बोलणार आहोत.

मागे राहणारं सामान म्हणजे किरकोळ गोष्ट नाही. समजा, घरात २ क्विंटल धान्य ठेवून तुम्ही गेलात. पाच माणसांच्या घराला दिवसाला २ किलो पीठ लागतं असं धरलं, तर ते १०० दिवसांचं पोट आहे. आपण परत येतो तेव्हा हातात काय असतं, हे मी सांगायला नको. बरीचशी कमाई उचलीतच वळती झालेली असते. वरून बी-बियाणाचा खर्च, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च. त्या दिवसांत घरातलं धान्य हाच आधार असतो. कोठी उघडली आणि आत नुसता भुसा निघाला, तर दुकानदाराच्या दारात जावं लागतं, आणि पुढची उचल तिथूनच सुरू होते. म्हणून सामान सांभाळणं हा घर आवरण्याचा विषय नाही, तो कर्ज टाळण्याचा विषय आहे.

नुकसान कशानं होतं?

कुलूप चोरासाठी असतं. पण बंद घरातलं बरंचसं नुकसान चोर करतच नाही. ते करतात तिघं: कीड, वाळवी आणि उंदीर. आणि या तिघांच्या आधी येते ती ओल. धान्य ओलसर असलं की त्यात टोका लवकर वाढतो आणि बुरशी धरते. भिंत ओलसर असली की वाळवी चढते. कपडा दमट राहिला की त्याला तांबूस-काळे डाग पडतात आणि कुबट वास येतो. लोखंड गंजतं तेही ओलीनंच.

आता गंमत बघा. आपण निघायच्या आदल्या दिवशी काय करतो? घर झाडून शेणानं सारवतो. राहिलेले कपडे धुतो. भांडी घासून फळीवर पालथी घालतो. सगळं स्वच्छ करतो आणि पहाटे कुलूप लावून गाडीत बसतो. म्हणजे घरातली सगळी ओल आपण आपल्या हातानं आत कोंडून जातो. दार-खिडक्या बंद, वारा नाही, ऊन नाही. ती ओल जाणार कुठे? ती धान्यात, कपड्यात, कागदात शिरते.

म्हणून आजच्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: आधी धुवा, मग वाळवा, मग गार होऊ द्या आणि सगळ्यात शेवटी बंद करा. हा क्रम चुकला की बाकीची मेहनत वाया जाते.

हे एका दिवसात होत नाही. दिवाळीचं आवरणं आपण करतोच, तेव्हाच ही कामं करून घ्या. धुण्या-सारवण्याची कामं निघण्याच्या किमान चार-पाच दिवस आधी संपवा. शेवटचे दिवस फक्त वाळवण्याचे आणि बांधण्याचे. शेवटच्या दिवशी केवळ झाडू मारायचा, पाणी घ्यायचं नाही.

धान्य: दात आणि मीठ

आपण जातो तेव्हा घरात नवी बाजरी असते, मूग-उडीद-मटकी असते, मागची ज्वारी शिल्लक असते आणि रेशनचा गहू-तांदूळ असतो. यातली नवी बाजरी सगळ्यात फसवी. वरून कोरडी दिसते, आतून दमट असते.

धान्य पातळ पसरून दोन-तीन दिवस कडक ऊन द्या. थर बोटभर जाडीचा असावा, दिवसातून तीन-चार वेळा खालीवर करावा. संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवा, नाहीतर रात्रीचं दव परत मुरतं.

वाळलं की नाही, हे ओळखायच्या दोन परीक्षा आहेत. पहिली आपल्या आजीची. दाणा दाताखाली धरा. ‘कट्’ आवाज होऊन तुटला तर वाळला, नरम लागून चेपला तर अजून ऊन हवं. दुसरी परीक्षा मिठाची. मीठ तव्यावर भाजून गार करा. कोरड्या काचेच्या बाटलीत तिसऱ्या हिश्श्यापर्यंत धान्य घाला, वर दोन-तीन चमचे हे मीठ टाका. झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटलं तर धान्य नक्की ओलं आहे. चिकटलं नाही, तरी दाताची परीक्षा घ्याच आणि आणखी एक ऊन द्या. सहा महिन्यांसाठी ठेवायचं आहे, घाई नको.

वाळलेलं धान्य गरम-गरम कोठीत भरू नका. ते गार होताना त्याची वाफ झाकणाला लागते, पाणी होऊन वरच्या थरात पडते आणि तिथूनच बुरशीला सुरुवात होते. रात्रभर घरात पसरून गार होऊ द्या, सकाळी भरा.

भरायच्या आधी चाळून घ्या. फुटका दाणा आणि भुसा यांवर कीड आधी बसते. कोठी रिकामी करून, कानाकोपरा ब्रशनं झाडून तिलाही दिवसभर ऊन दाखवा. जुनी पोती वापरणार असाल तर उकळत्या पाण्यात बुडवून काढा, उलटी करून खडखडीत वाळवा. शिवणीत कीड लपलेली असते. आणि जुनं धान्य नव्यात कधीही मिसळू नका. रेशनच्या गव्हात आधीच दोन सोंडे असले, तर ते सगळ्या कोठीचे धनी होतात.

दोन सोंड्यांनी काय होतंय, असं म्हणू नका. उबदार जागेत या किड्यांची एक पिढी साधारण महिन्याभरात तयार होते. आपण सहा महिने जातो. म्हणजे पाच-सहा पिढ्या, आणि प्रत्येक मादी शंभरावर अंडी घालू शकते. जाताना दोन दिसले होते, येताना कोठी हलताना दिसते ती यामुळे.

बऱ्याच जणी म्हणतात, ‘ताई, आम्ही दरवर्षी लिंबाचा पाला घालतो, तरी टोका लागतोच.’ कडुनिंबाचा पाला चांगलाच, पण तो सावलीत कुरकुरीत वाळवलेला हवा. हिरवा पाला घातला तर त्याच्यातलं पाणी धान्यात उतरतं. आणि दुसरं, पाला कीड दूर ठेवायला मदत करतो. दाण्याच्या आत आधीच घातलेली अंडी तो मारत नाही. त्यासाठी ऊनच लागतं.

कोठी काठोकाठ भरा. रिकाम्या जागेत हवा राहते आणि हवेवर कीड जगते. छोटी कोठी पूर्ण भरलेली चांगली, मोठी अर्धी नको. झाकणाच्या फटीला कापडाची पट्टी लावून शेणमातीनं लिंपायची जुनी पद्धत चांगली आहे, मात्र ते लिंपणही दोन दिवस आधी करा. हल्ली आतून जाड प्लॅस्टिकचा थर असलेल्या हवाबंद पिशव्या मिळतात. तोंड घट्ट बांधलं की आतली हवा संपते आणि कीड गुदमरून मरते. पण उंदरानं एक भोक पाडलं की तिचा उपयोग संपला, म्हणून ती पिशवी पत्र्याच्या पिंपात ठेवायची.

कडधान्याचं वेगळं

मूग, मटकी, उडीद, चवळी यांना लागणारा भुंगेरा बऱ्याचदा शेतातूनच घरात येतो. शेंगेवर किंवा दाण्यावर अंडी असतात. दाणा हातावर घेऊन नीट बघा. पांढरे बारीक ठिपके दिसले तर ती अंडीच.

कडधान्य खडखडीत वाळवल्यावर त्याला तेल चोळा. १ किलोला ५ मिली, म्हणजे साधारण एक छोटा चमचा. १० किलोला अर्धी वाटीही लागत नाही. एरंडेल किंवा घरातलं शेंगतेल चालतं. दोन्ही हातांनी असं चोळा की प्रत्येक दाणा चकाकला पाहिजे. तेलकट दाण्यावर भुंगेऱ्याची अंडी नीट चिकटत नाहीत, आणि चिकटली तरी तेलाखाली ती गुदमरतात. दुसरा उपाय म्हणजे खायचं कडधान्य जायच्या आधी भरडून डाळ करून ठेवणं. हा भुंगेरा अख्ख्या दाण्यात वाढतो, डाळीला त्याचा त्रास फार कमी.

बियाणाचं तेवढं वेगळं ठेवा. बी तापलेल्या पत्र्यावर किंवा डांबरी रस्त्यावर वाळवू नका, कोंब मरतो. कापडावर, सकाळच्या उन्हात वाळवा. चाळलेली, गार, कोरडी राख मिसळून मडक्यात भरा आणि मडकं घरातल्या थंड जागी ठेवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती देशी बियाणं जपण्यासाठीच. घरातल्या बाईनं जपलेल्या बियाणाची किंमत एवढी मोठी असते.

विषारी गोळी घरात नको

आता एक कडक सूचना. धान्यात टाकायला काही जण सल्फासची गोळी आणतात. तिचं शास्त्रीय नाव अॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याशी संबंध आला की तिच्यातून विषारी वायू सुटतो. तो माणसालाही मारतो आणि त्यावर उतारा नाही. कायद्यानंही ही गोळी फक्त अधिकृत माणसांनी, देखरेखीखाली वापरायची आहे.

‘घर तर बंदच आहे, कुणाला काय होणार?’ असं वाटेल. पण बंद घराला लागून सासू-सासऱ्यांची खोली असते. शेजारचं घर एकाच भिंतीचं असतं. वायूला भिंतीची फट पुरते. शिवाय कधी अचानक परत यावं लागलं, तर दार उघडणारी तुम्हीच असता. कुणी कितीही खात्रीनं दिली तरी ही गोळी घरात आणू नका. ऊन, चाळणी, तेल आणि घट्ट झाकण एवढ्यावर आपलं काम होतं.

उंदीर आणि वाळवी

सुगी संपली की शेतातले उंदीर घराकडे सरकतात, आणि त्याच वेळी आपण घर रिकामं करतो. घरउंदराला करंगळी जाईल एवढी फट पुरते. दाराखालची फट, मोरीचं भोक, पत्रा आणि भिंत यांच्यातली पोकळी, हे सगळं दिवसाउजेडी घरात अंधार करून बघा. जिथून उजेड येतो तिथून उंदीर येतो. भोकात नुसती माती भरू नका, तो उकरतो. काचेचे तुकडे किंवा खडी घालून वरून सिमेंट लावा. मोरीच्या तोंडाला जाळी बसवा किंवा जड दगड ठेवा. घरात पीठ, गूळ, शेंगदाण्याचं एकही फोलपट सांडलेलं ठेवू नका. उंदीर राहिला की त्याच्या मागे साप येतो, हेही लक्षात ठेवा.

वाळवीचं वागणं समजून घेतलं तर तिला पकडणं सोपं आहे. ती उघड्यावर चालत नाही. जमिनीतून येते आणि भिंतीवर मातीची बारीक नळी बांधून त्या नळीतून वर चढते. म्हणून कोणतीही पेटी, कोठी, पोतं थेट जमिनीवर किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका. खाली विटा, त्यावर शहाबादी फरशी, त्यावर सामान. भिंतीपासून वीतभर अंतर. एवढं केलं की वाळवीला उघड्यावरून नळी बांधावी लागते आणि ती आपल्याला दिसते. दिसली की खरवडून काढायची. कपाटाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची पद्धत आपण घरात असू तेव्हा ठीक आहे. बंद घरात आठवडाभरात पाणी आटतं आणि पुढचे सहा महिने ती वाटी नुसती शोभेची.

मातीच्या भिंतीतला कोनाडा वाळवीच्या वाटेवरच असतो. तिथे कागद, फोटो, पैसे काहीही ठेवू नका.

कपडे, गोधड्या, लुगडी

कपडे धुताना शेवटच्या वेळी खळ घालू नका. कसर आणि वाळवी खळीवर येतात. घामाचा आणि तेलकट डाग तसाच ठेवला तर तिथेच कपडा खाल्ला जातो. गोधडी, वाकळ दोन्ही बाजूंनी दोन-दोन दिवस उन्हात टाका, काठीनं झोडपा, आणि रात्रभर घरात गार झाल्यावर घडी घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत वाफ धरते. जुनं धुतलेलं सुती लुगडं किंवा चादर हे सगळ्यात चांगलं गुंडाळणं.

जरीची साडी, शालू असेल तर वेगळ्या सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. गोळ्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवा. पण धान्याजवळ, ताटवाट्यांजवळ आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत त्या अजिबात नकोत. डांबरगोळीतल्या कपड्यांमुळे काही बाळांचं रक्त कमी होऊन मोठी कावीळ होऊ शकते. मोठ्यांचे कपडेही परत आल्यावर एक दिवस उन्हात टाकून मगच वापरा.

लोखंड, यंत्रं आणि गॅस

विळा, खुरपं, कुऱ्हाड, तवा, कढई यांना कोरडं पुसून तेलाचा हात फिरवा आणि कागदात गुंडाळा. मिठाचा डबा लोखंडाशेजारी ठेवू नका, मीठ ओल ओढतं. तांब्या-पितळेची भांडी घासून, पुसून, अर्धा दिवस उन्हात ठेवून मग एकात एक घाला.

गटाच्या कर्जातून घेतलेलं शिलाई मशीन असेल तर दोरा आणि बॉबिन काढा, कापसाचा गोळा साफ करा, तेल घाला, कापड पाच मिनिटं चालवून जास्तीचं तेल पुसा आणि दाबाखाली जुना कपडा ठेवून वरून झाका. फ्रीज असेल तर एक दिवस आधी बंद करून बर्फ वितळू द्या, आतून कोरडा पुसा आणि दारात कापडाची घडी अडकवून दार किलकिलं ठेवा. बंद फ्रीजमध्ये काळी बुरशी वाढते. टॉर्चमधले सेल काढून ठेवा, ते पाझरतात. गॅसचा रेग्युलेटर बंद करून काढा, टाकीला टोपी लावा, टाकी उभी ठेवा. विजेचं मेन स्विच बंद करा. माठ, रांजण, ड्रम रिकामे करून पालथे घाला.

कागद: काय पुन्हा मिळतं, काय मिळत नाही

धान्य गेलं तर एक वर्ष जातं. कागद गेला तर कधी कधी लेकराचं आयुष्य अडतं. म्हणून कागदांचे तीन गठ्ठे करा.

पहिला, सोबत न्यायचा: आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र, दवाखान्याची कागदपत्रं, पोटुशी बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड आणि लेकरांचं लसीकरण कार्ड. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत देशातल्या कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. घरी राहिलेले म्हातारी-म्हातारा उरलेलं धान्य गावात उचलू शकतात.

दुसरा, हरवला तरी पुन्हा काढता येणारा: सातबारा, आठ-अ. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून मिळते, पण हेलपाटे आणि पैसे लागतात, म्हणून तेही जपा.

तिसरा, पुन्हा मिळायला फार अवघड: आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदीचा जुना उतारा, जुनं वाटणीपत्र, जुने हक्काचे कागद. मुलीला कॉलेजात प्रवेश घेताना जात पडताळणीला हाच जुना पुरावा मागतात. असा कागद बंद घरात ठेवू नका. गावात राहणाऱ्या विश्वासाच्या माणसाकडे, स्टीलच्या डब्यात, उंचावर ठेवा. त्याला लॅमिनेशन करू नका. ते नंतर निघत नाही, आणि आत ओल असेल तर कागद आतल्या आत सडतो. सुती कापडात गुंडाळा.

तिन्ही गठ्ठ्यांचे मोबाइलवर फोटो काढा आणि ते घरातल्या आणखी एका माणसाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. आधारसारखे कागद डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात, तेही पोराकडून करून घ्या.

पैसे आणि दागिने बंद घरात ठेवायचेच नाहीत. नोटा बँकेत. तरीही कुणाच्या नोटा वाळवीनं खाल्ल्या असतील तर फेकू नका, चिकटपट्टीनं जोडू नका. बँकेत बदलून मिळतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ५० रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सलग तुकडा ८० टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी किंमत मिळते. ४० टक्क्यांहून कमी उरला तर काही मिळत नाही.

गटानं करायचं काम

एवढं सगळं केलं तरी सहा महिने घराकडे कुणीच बघायचं नाही, असं नको. फेब्रुवारी-मार्चात अवकाळी येतो, गारपिटीनं पत्रा फुटतो. त्या दिवशी कुणी पाहिलं तर एक पोतं भिजतं, दोन महिन्यांनी पाहिलं तर सगळं सडतं.

म्हणून दिवाळीआधीच्या बैठकीत एक ठराव घ्या आणि इतिवृत्तात लिहा. गावात राहणाऱ्या दोघी-तिघींनी महिन्यातून एकदा बंद घरांवर फेरी मारायची. चावी कुणाकडे, कोणत्या घरात काय आहे, फोन नंबर काय, हे एका कागदावर लिहून ठेवायचं. आत गेल्यावर तासभर दार-खिडक्या उघड्या टाकायच्या. भिंतीवर मातीच्या नळ्या आहेत का, उंदराच्या लेंड्या आहेत का, पत्र्यातून पाणी आलंय का, ते बघायचं. कोठीला हात लावून बघायचा. आत कीड किंवा ओल असेल तर धान्य तापतं आणि कोठी उबदार लागते. तशी लागली तर घरच्यांना फोन करून धान्य त्याच आठवड्यात उन्हात काढायचं.

ज्या बाया हे काम करतील त्यांचा मोबदला गटानं ठरवावा. घरामागे थोडे पैसे किंवा पायलीभर धान्य, जे जमेल ते. फुकटच्या कामाला दोन महिन्यांनी सुट्टी मिळते. गटाच्या वह्याही तुमच्या पेटीत अडकवू नका, त्या गावात राहणाऱ्या सदस्याकडे द्या.

परत आल्यावर

दार उघडल्या उघडल्या आत हात घालू नका. सगळी दारं-खिडक्या उघडा, वारा खेळू द्या. अंथरुणं काठीनं ओढून अंगणात काढा, झोडपा. विटांच्या फटीत, पोत्यांच्या मागे विंचू-साप असू शकतो. काही चावलंच तर वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठा.

धान्याला नुसता टोका लागला असेल तर ऊन देऊन, चाळून, पाखडून चांगलं तेवढं वापरता येतं. पण बुरशी धरलेलं, काळं-हिरवं पडलेलं, कडवट लागणारं धान्य किंवा शेंगदाणे धुऊन खाऊ नका. बुरशीचं विष धुतल्यानं जात नाही आणि शिजवल्यानंही पूर्ण जात नाही. ते जनावरांनाही घालू नका. जीवावर येतं, पण टाकून द्या.

मैत्रिणींनो, यात विकत आणायचं फारसं काही नाही. ऊन आपलं, राख आपली, जुनं लुगडं आपलं. लागतो तो वेळ, आणि तो दिवाळीच्या आधीच काढावा लागतो. उद्या सकाळी ऊन आलं की आधी बाजरी अंगणात पसरा. बाकीचं तिथून सुरू होईल.

प्रवास सुखाचा होवो, हंगाम चांगला जावो. नमस्कार.